प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय तर डिग्री कुठली घ्यायची? कोल्हापूरच्या पोरापोरींसाठी सगळं सविस्तर

बारावीचा निकाल लागला की फोन चालू होतात, दादा, पोराला प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय म्हणतोय, कुठली डिग्री घेऊ सांगा. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून पार्ट बनवायच्या कारखान्यात, डेव्हलपमेंटला आहे, म्हणजे रोज हेच काम, म्हणून लोकांना वाटतं याच्याकडं एका शब्दात उत्तर असेल. तसं ते नाही, पण ते शोधायची पद्धत आहे, ती इथं पायरी पायरीनं लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. प्रोजेक्ट मॅनेजर ही फ्रेशरची पोस्ट नाही. कुठलीही कंपनी कॉलेजातनं काल बाहेर पडलेल्या पोराच्या हातात पाच कोटीचं काम आणि वीस माणसं देत नाही. एखाद्या धंद्यात पाच-सात वर्षं घासल्यावर, तिथली कामं कुठं अडकतात, कोण खरं बोलतंय आणि कोण 'उद्या होतंय सर' म्हणून टोलवतंय हे कळायला लागल्यावर ती खुर्ची मिळते. त्यामुळं 'प्रोजेक्ट मॅनेजमेंटची डिग्री कुठली' हा प्रश्नच जरा बाजूला ठेवा. कुठल्या धंद्यातले प्रोजेक्ट सांभाळायचेत आणि त्या धंद्यात पहिली नोकरी कुठल्या डिग्रीवर लागते, हे विचारा. पहिली नोकरी डिग्रीवर लागते, पुढचं प्रमोशन कामावर.

हे काम नक्की असतं काय

आपल्या कोल्हापूरकरांना वेगळं उदाहरण लागत नाही, काळम्मावाडी धरणातनं शहराला पाणी आणायची थेट पाईपलाईन बघा की. २०१४ ला काम सुरू झालं आणि पाणी पुईखडीला पोचलं २०२३ च्या दिवाळीत. अर्थात तिथं नुसतं पाईप टाकायचं काम नव्हतंच, धरणाजवळ जॅकवेल, वाटेत वनखात्याची जागा, रस्ते खोदायच्या परवानग्या, पाटबंधारे खातं, शेतकऱ्यांचे बांध, पावसाळ्यात काम बंद, आणि यातली एक परवानगी अडकली की तिच्यामागची दहा कामं अडकली. कुठलं काम कशावर अवलंबून आहे, कशाला किती दिवस आणि किती पैसे लागणार, कोण करणार, आणि मधेच कुणी 'हे पण घाला की त्यात' म्हटलं तर त्याचं काय करायचं, हे सगळं सांभाळणं म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट. निम्मं काम कागदावर, निम्मं माणसांच्या मागं लागण्यात. ज्याला लोकांना दहादा फोन करायचा कंटाळा येतो त्यानं याचा नाद सोडलेला बरा, आणि हे मी डिग्रीच्या आधी सांगतोय कारण डिग्री घेतल्यावर कळून उपयोग नसतो.

पायरी १ : आधी धंदा निवडा

आपल्या भागात काय काय आहे ते बघू.

फौंड्री आणि मशिनिंग. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी. इथं 'प्रोजेक्ट मॅनेजर' अशी पाटी फार कमी केबिनवर दिसेल, पण तेच काम एनपीडी (नवीन पार्ट तयार करणं) नाहीतर डेव्हलपमेंट या नावानं चालतं. गिऱ्हाईकाकडनं ड्रॉइंग येतं, त्याचं कॉस्टिंग, मग मेथडिंग (धातू साच्यात कसा ओतायचा ते ठरवणं), पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठीचा साचा) बनवायला टाकायचे, सॅम्पल ओतायचं, फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं), मशिनिंग, मोजमाप, रिपोर्ट आणि शेवटी पीपॅप (पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं) सबमिट करून गिऱ्हाईकाची मंजुरी. आता समजा पॅटर्नला सहा आठवडे लागणारेत आणि मशिनिंगच्या फिक्श्चरला (पार्ट पकडून ठेवायची चौकट) चार. हुशार माणूस फिक्श्चरची ऑर्डर पॅटर्न चालू असतानाच देतो, आणि जो 'आधी कास्टिंग तर येऊ दे' म्हणतो त्याचे चार आठवडे फुकट गेले. पुस्तकात याला क्रिटिकल पाथ म्हणतात आणि त्याच्यावर दहा मार्काचं गणित येतं, पण पॅटर्नवाल्याचे 'सहा आठवडे' म्हणजे खरे किती हे पुस्तकात नसतं, ते शॉपमधे, म्हणजे कारखान्यात उभं राहून कळतं. म्हणून या लाईनला मेकॅनिकल, प्रॉडक्शन, मेटलर्जी असं शिकलेला माणूस लागतो. बीबीए (मॅनेजमेंटची डिग्री) केलेल्या पोराला ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचता येत नाही, त्याचा दोष नाही, पण तो इथं टिकायला फार वर्षं लागतील.

बांधकाम आणि इन्फ्रा. पुणे-बंगळूर हायवेचं सहापदरीकरण, रत्नागिरी-नागपूर महामार्ग, आपल्याकडच्या अपार्टमेंटच्या स्कीम. इथं सिव्हिल, दुसरं काही नाही. सुरुवात साईट इंजिनिअर किंवा प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून, बिलिंग शिकायचं, क्वांटिटी काढायच्या, मग वर. उन्हात उभं राहायची तयारी पाहिजे आणि बदली कुठंही होते, हे घरात आधी बोलून घ्या.

साखर कारखाने. याच्याकडं कुणी बघत नाही पण प्रोजेक्ट शिकायला याच्यासारखी जागा नाही. विस्तारवाढ असो, को-जन (कारखान्यातली वीजनिर्मिती) असो, डिस्टिलरी असो, निम्म्याहून जास्त काम गळीत हंगाम संपल्यापासनं पुढचा सुरू व्हायच्या आत उरकायचं असतं. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या (हंगामाआधी बॉयलर पेटवायचा समारंभ) पत्रिका छापल्या की डेडलाईन हलत नाही, चेअरमनसाहेब, पाहुणे, भटजी सगळे ठरलेले. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल किंवा शुगर टेक्नॉलॉजीवाली पोरं इथं चालतात.

आयटी. कोल्हापुरात कंपन्या आहेत, पण बहुतेक पोरं पुण्याला हिंजवडीला नाहीतर बंगळूरला जातात. इथं ब्रँचचं बंधन सैल आहे, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, एमसीए, सगळे चालतात. डेव्हलपर, टेस्टर किंवा बिझनेस ॲनालिस्ट म्हणून शिरायचं, मग टीम लीड, मग स्क्रम मास्टर (स्क्रम या कामाच्या पद्धतीनं टीम चालवणारा) किंवा प्रोजेक्ट मॅनेजर. इचलकरंजीच्या टेक्स्टाईलला टेक्स्टाईलचीच डिग्री उपयोगाची. आणि ज्यांना समाजकामात रस आहे त्यांनी बीए किंवा बीएसडब्ल्यू करून एमएसडब्ल्यू करावं, संस्थांचे आणि कंपन्यांच्या सीएसआरचे (समाजकामावरच्या खर्चाचे) प्रोजेक्ट असतात, त्यात बजेट आणि रिपोर्टिंग सांभाळणारा माणूस कायम हवा असतो.

धंदा निवडायचा म्हणजे घरी बसून नव्हे. सुट्टीत ओळखीपाळखीनं दोन-तीन ठिकाणी जाऊन या. कोल्हापुरात कुणाचा तरी मामा शिरोलीत असतोच. तिथल्या माणसाला तीनच गोष्टी विचारा, सकाळी आल्यावर पहिलं काय करता, गेल्या महिन्यात कुठलं काम लेट झालं आणि का, आणि तुमच्या वरचा साहेब काय शिकलाय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून ठेवा.

पायरी २ : नोकरीच्या जाहिराती उलट्या वाचा

नौकरी डॉट कॉम किंवा लिंक्डइन उघडा आणि 'प्रोजेक्ट मॅनेजर' शोधू नका. शोधा प्रोजेक्ट इंजिनिअर, प्लॅनिंग इंजिनिअर, एनपीडी इंजिनिअर, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, पीएमओ (प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस) ॲनालिस्ट, बिझनेस ॲनालिस्ट. ज्या धंद्याकडं मन आहे त्यातल्या वीसेक जाहिराती घ्या, प्रत्येकीत शिक्षण काय मागितलंय, अनुभव किती, सॉफ्टवेअर कुठलं, एवढंच वहीत उतरवा. वीस जाहिरातींत जी डिग्री वारंवार दिसते ती तुमची डिग्री. क्लासवाल्याचं, शेजारच्या काकांचं आणि माझंही मत त्याच्यानंतर ऐका.

पायरी ३ : आता डिग्र्या एकेक करून

बीई / बीटेक. सायन्सला फिजिक्स-मॅथ्स असेल आणि पहिल्या पायरीत कारखाना, बांधकाम किंवा आयटी निघालं असेल तर हाच सरळ रस्ता. एमएचटी-सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) द्यायची, मग कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) राऊंड. बारावीला ओपनला ४५ टक्के आणि राखीवला ४० टक्के ही किमान अट आहे, पण खरी लढाई पर्सेंटाईलची. जवळपास केआयटी, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील, इचलकरंजीचं डीकेटीई, वारणानगर, जरा पुढं सांगलीचं वालचंद, इस्लामपूरचं आरआयटी, कराडचं गव्हर्मेंट. वालचंद आणि कराडला मिळत असेल तर जास्त विचार करत बसू नका. कॉलेज मोठं की ब्रँच आवडीची, हा वाद दरवर्षी घराघरात होतो. माझं मत, कारखाना आणि बांधकामात ब्रँच धरून ठेवा, आयटीत जायचं असेल तर कॉलेज धरा.

डिप्लोमा. दहावीनंतर तीन वर्षं, मार्कांवर ॲडमिशन, आपलं गव्हर्मेंट पॉलिटेक्निक आहेच. मग थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तिथं सीईटी नाही, डिप्लोम्याचे मार्क बघतात. लोक या रस्त्याला उगाच कमी लेखतात. डिप्लोमावाल्या पोराला ड्रॉइंग आणि मशीन आधीच माहीत असतं, आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर तीन वर्षांनी नोकरी धरून पुढचं शिक्षण नंतर करता येतं. प्रोजेक्टच्या कामाला ज्याचे हात काळे झालेत त्याचं ऐकतात लोक, हे मी रोज बघतो.

बीबीए / बीएमएस. इथं जरा सावध. २०२४ पासनं महाराष्ट्रात बीबीए, बीएमएस, बीसीए यांच्यासाठी पण सीईटी सुरू झाली, हे बऱ्याच पालकांना अजून माहीत नसतं आणि फॉर्मची तारीख निघून जाते. ब्रोशरमधे 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट स्पेशलायझेशन' लिहिलेलं असेल तर सिलॅबस मागून घ्या, किती पेपर खरंच त्याचे आहेत ते मोजा. नुसत्या बीबीएवर प्रोजेक्टची नोकरी लागणं अवघड, सेल्स किंवा बॅक ऑफिसमधे जास्त ढकलतात. पण बीबीए करून एखाद्या कंपनीत कोऑर्डिनेटर म्हणून दोन-तीन वर्षं काढली आणि मग चांगलं एमबीए केलं तर तो रस्ता व्यवस्थित चालतो.

बीकॉम. हसू नका. मोठ्या प्रोजेक्टवर खर्च सांभाळणारा, काँट्रॅक्ट आणि बिलं बघणारा माणूस लागतोच, त्याला प्रोजेक्ट कंट्रोल म्हणतात. बीकॉमबरोबर सीएमए (कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स) चालू केलं आणि एक्सेल पक्कं असेल तर बीबीएपेक्षा हे मी वर ठेवीन.

बीसीए / बीएस्सी कॉम्प्युटर. आयटीसाठी ठीक, इंजिनिअरिंग नाही मिळालं म्हणून रडत बसायचं कारण नाही, पण पुढं एमसीए करायचं धरूनच चला, वरच्या कंपन्यांत अजून त्याला मान आहे.

नवीन शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. बाहेरदेशी शिकायला जायचं डोक्यात असेल तर चौथं वर्ष करा. नाहीतर ते वर्ष नोकरीत घालवलेलं परवडतं.

पायरी ४ : कॉलेज तपासा

एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यता, विद्यापीठाची संलग्नता, नॅक (कॉलेजचं मूल्यांकन), आणि इंजिनिअरिंग असेल तर त्या ब्रँचचं एनबीए (त्या कोर्सचं मानांकन) आहे का, ही कागदोपत्री तपासणी अर्ध्या तासात वेबसाईटवर होते. खरी तपासणी कँटीनमधे. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पोरांना चहा पाजा आणि विचारा की इंटर्नशिप कॉलेजनं दिली की स्वतः शोधली, गेल्या वर्षी तुमच्या ब्रँचला कुठल्या कंपन्या आल्या आणि किती जणांना घेतलं. 'शंभर टक्के प्लेसमेंट' हा फ्लेक्स सगळीकडं असतो, त्यावर ब्रँचवार आकडा मागितला की समोरच्याचा चेहरा बघा.

फीचं पण बोलू. घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत ओपनच्या पोरांना ट्यूशन फीची निम्मी सवलत मिळते, महाडीबीटी या सरकारी वेबसाईटवर फॉर्म भरायचा. आणि २०२४-२५ पासनं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास), ओबीसीतल्या मुलींना याच उत्पन्न मर्यादेत व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण हे कॅपमधनं ॲडमिशन घेतलं तर, मॅनेजमेंट कोट्यात हे काही मिळत नाही. मुलीला 'जवळच्या जवळ बीकॉम कर' म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा.

पुणे की कोल्हापूर? पुण्यात कॉलेज चांगलं मिळत असेल तर जा. कॉलेज तसलंच असेल आणि नुसतं पुणे म्हणून जायचं असेल तर रूम, मेस आणि बसच्या पैशात इथं सगळी फी भागते.

पायरी ५ : डिग्री चालू असताना

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच लोक सोडतात. एक्सेल असं शिका की समोरच्यानं आकडा सांगितला की तुमची बोटं चाललेली असली पाहिजेत. सिव्हिलवाल्यांनी एमएस प्रोजेक्ट आणि प्रायमाव्हेरा (कामाचं वेळापत्रक मांडायची सॉफ्टवेअर), आयटीवाल्यांनी जिरा (टीमची कामं कुठवर आली ते बघायचं सॉफ्टवेअर), मेकॅनिकलवाल्यांनी एमएस प्रोजेक्टबरोबर एपीक्यूपी (नवीन पार्टच्या क्वालिटीचं आधीच नियोजन) आणि पीपॅप म्हणजे काय ते शिकावं. गँट चार्ट (कुठलं काम कधी ते दाखवणारा तक्ता) काढता आला म्हणजे प्रोजेक्ट आला असं नाही, पण इंटरव्ह्यूत विचारतात.

लिहायला शिका. मीटिंग झाल्यावर कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, हे दहा ओळीत लिहून सगळ्यांना पाठवणारा माणूस ऑफिसात दोन महिन्यांत डोळ्यात भरतो. इंग्रजी फाडफाड नको, सरळ आणि चूक न करता पाहिजे. शॉपवर मात्र हिंदी आलीच पाहिजे, मोल्डिंगवरचा बराचसा कामगार यूपी-बिहारचा असतो.

आणि अनुभव घ्यायला कंपनीच पाहिजे असं काही नाही. तालमीचं गणपती मंडळ बघा, वर्गणी, मंडप, पोलीस परवानगी, मूर्तीची ऑर्डर, देखावा, विसर्जनाचा ट्रॅक्टर, आणि तारीख एक दिवस पण पुढं जाणार नाही. त्यात खजिनदार व्हा, नाचायला कुणीही आहे. हिशोब एक्सेलमधे ठेवा, शेवटी ठरलेलं बजेट आणि झालेला खर्च यांचा ताळा मांडा, तो कागद जपून ठेवा. मी फ्रेशरचे इंटरव्ह्यू घ्यायला बसतो तेव्हा असलं काही खरं केलेलं पोरगं दोन मिनिटांत ओळखू येतं.

पायरी ६ : सर्टिफिकेट, आणि त्याची घाई

पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. अमेरिकेच्या पीएमआय संस्थेचं आहे, ती संस्था १९६९ ची आणि पीएमपी १९८४ पासनं. पण ते कॉलेजमधनं देता येत नाही. बॅचलर डिग्री असेल तर ३६ महिने प्रोजेक्ट लीड केल्याचा अनुभव लागतो, डिग्री नसेल तर ६० महिने, वर ३५ तासांचं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं शिक्षण. म्हणजे बारावीवाल्याला सुद्धा दार बंद नाही, फक्त उंबरा दोन वर्षं लांब आहे. शेवटच्या वर्षाच्या पोराला पीएमपीचा क्लास विकणारा दिसला तर नमस्कार करून निघा.

फ्रेशरला त्याच संस्थेचं कॅपम चालतं, बारावी आणि २३ तासांचं ट्रेनिंग, अनुभव लागत नाही. आयटीत स्क्रमचं एखादं सर्टिफिकेट उपयोगी पडतं. प्रिन्स-टू हे आणखी एक सर्टिफिकेट युरोपातल्या कंपन्यांकडं जास्त विचारतात, त्याच्या फाउंडेशनला अनुभवाची अट नाही. यातलं एकच घ्या, ते पण दुसऱ्या पायरीतल्या वहीत त्याचं नाव आलं असेल तरच.

पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासनं मात्र एक डायरी ठेवा. कुठला प्रोजेक्ट, कधीपासनं कधीपर्यंत, तुम्ही काय केलं, साहेब कोण होते. पीएमपीचा फॉर्म भरताना हे सगळं लिहावं लागतं आणि तोवर साहेब दुसऱ्या कंपनीत गेलेले असतात, तारखा आठवत नाहीत.

पायरी ७ : मास्टर्स कधी

लगेच नको. दोन-तीन वर्षं काम करा, मग एमबीएच्या वर्गात शिकवलेलं कशाशी जोडायचं ते कळतं. कारखान्यातल्यांनी ऑपरेशन्सचं एमबीए बघावं, कॅट (आयआयएमची प्रवेश परीक्षा) चांगली गेली तर आयआयएम मुंबई (जुनं निटी, २०२३ ला नाव बदललं) या विषयात जुनं आणि मोठं नाव. राज्यातल्या कॉलेजांना एमबीए-सीईटी, आणि कोल्हापुरातच करायचं तर युनिव्हर्सिटी रोडचं सायबर हे कॉलेज आहे. बांधकामवाल्यांना पुण्याचं निकमार, त्यांचा तर धंदाच कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट शिकवायचा. एमटेक कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट पण चालतं, फक्त ते साईटपेक्षा प्लॅनिंग आणि कन्सल्टन्सीकडं जास्त नेतं.

नोकरी सोडणं परवडत नसेल तर ऑनलाईन एमबीए करा पण यूजीसीची मान्यता तपासून. प्रमोशनच्या अटीत 'पीजी पाहिजे' एवढंच लिहिलेलं असतं तिथं ते भागतं.

आत्ता लगेच करायचं काम

कॅपचा फॉर्म भरताना पर्याय आवडीच्या क्रमानं भरा. 'मिळेल का' या भीतीनं खालचं कॉलेज वर टाकू नका, सिस्टीम वरनं खाली बघत येते आणि पहिलं जे बसतं ते देऊन मोकळी होते. कट-ऑफ मागच्या वर्षीचे सीईटी सेलच्या साईटवर असतात, ते काढून शेजारी ठेवा. आणि कागद. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, जातीचा दाखला, त्याची व्हॅलिडिटी (पडताळणीचं प्रमाणपत्र). व्हॅलिडिटीला महिने लागतात, ते अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाकून विचारे माळावर सामाजिक न्याय भवनात पाठपुरावा ठेवायचा. बाकीचे दाखले मे महिन्याच्या आधी सेतूतनं काढा, निकालानंतर तिथं सर्व्हर पण डाऊन असतो आणि रांग जिन्यापर्यंत गेलेली असते.